हात राखून धरलेली जमा

ओसाकाच्या गणपतीत दर वर्षी एखादा नवा इंजिनियर मला विचारतो, “काकू, तुम्ही कुठल्या कंपनीत?” मी सांगते, कंपनीत नाही रे, विद्यापीठात होते, क्योतोला. आता रिटायर झाले. पुढचा प्रश्न ठरलेला. “कुठला सब्जेक्ट?” “इंग्रज सरकारची अंदाजपत्रकं.” एवढं ऐकलं की बिचाऱ्याचा चेहरा पडतो आणि तो घाईघाईने मोदकांची प्लेट पुढे करतो. गेल्या वर्षी एकाने मात्र धीर केला. म्हणाला, “पण काकू, ते सरकार तर केव्हाच गेलं ना? आता त्यांच्या बजेटचं काय करायचंय?” मी म्हटलं, “अरे, सरकारं जातात, सवयी राहतात.” तो हसला. त्याला वाटलं काकूंनी जोक मारला.

जोक नव्हता. त्याच सवयीपायी माझ्या हातून एका बाईचं वाटोळं झालं, आणि तेच आज सांगायचं आहे. साकुरावर आणि सेकंदाला धरून सुटणाऱ्या गाड्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ते लिहितील.

मी सावंत, साताऱ्याची. पुण्यात एम.ए. केलं, पीएच.डी.साठी इथे आले आणि इथलीच झाले. मुलगी तोक्योत असते. मी मराठीत बोलते, ती जपानीत उत्तर देते, आणि तसं आमचं झकास चालतं. स्वभाव तापट. विद्यार्थी मला घाबरायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

आता धंदा समजावून सांगते, अवघड काही नाही. कुठलंही सरकार वर्ष सुरू व्हायच्या आधी लिहून ठेवतं की पुढच्या वर्षी जमा किती होईल आणि खर्च किती. हा पहिला रकाना, अंदाजाचा. वर्ष संपत आलं की तेच आकडे जरा दुरुस्त करतात, तो दुसरा. आणि सगळं आटोपल्यावर खजिन्यात खरोखर काय आलं ते लिहितात, तो तिसरा. आपण घरी हेच करतो. फक्त घरी तिसरा रकाना कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून संसार टिकतात.

मी ज्या राजवटीचे कागद वाचत होते तिची जमा म्हणजे शेतसारा, मीठ, अफू, दारू, स्टॅम्प, जकात. पाऊस नीट झाला तर सारा येणार, नाहीतर बोंब. खर्च मात्र ठरलेले. लष्कर ठरलेलं, विलायतेला पाठवायच्या रकमा ठरलेल्या, साहेबांची पेन्शनं ठरलेली. म्हणून हिशेब मांडणारा अधिकारी काय करायचा, तर जमा हात राखून धरायचा. येईल शंभर असं वाटलं तर लिहायचं नव्वद. नव्वद लिहिलं की कागदावर तूट दिसते. तूट दिसली की म्हणायचं, काय करणार, कर वाढवायला हवा. कर वाढतो. मग वर्ष संपतं, शंभरच्या वर जमा होते, आणि शिल्लक उरते. ती शिल्लक कर्जफेडीला, रेल्वेला, फौजेला जाते. वाढलेला कर सहसा कमी होत नाही.

तुम्ही म्हणाल बाई एकतर्फी बोलतात, म्हणून त्या माणसाची बाजूही सांगते. तूट आली की वरून विचारणा होते, विलायतेहून खरमरीत पत्र येतं, बढती लटकते. शिल्लक आली तर कुणी रागवत नाही. फार तर म्हणतात, गृहस्थ सावध आहे. तो लबाड नव्हता, लाच खात नव्हता, कामाचा चोख होता. पण त्याच्या सावधपणाचे पैसे तो भरत नव्हता. बाजारात मीठ घेणारी बाई भरत होती.

हे सगळं आकड्यांनी सिद्ध करायचं तर कित्येक वर्षांचे रकाने कॉम्प्युटरवर चढवायला हवे होते. मूळ कागदांच्या फिल्मवरून काढलेल्या प्रती, अक्षर पुसट, तीन की आठ कळायची मारामार. आधी मी विद्यार्थ्यांना ‘आरुबाइतो’ म्हणून, म्हणजे तासावर पैसे देऊन, बसवलं. त्यांनी असा काही घोळ घातला की एका वर्षी अफूचं उत्पन्न मिठाच्या रकान्यात गेलं आणि मी ते एका परिषदेत वाचून दाखवलं. परत आल्यावर मी जो आरडाओरडा केला तो म्हणे तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेला.

त्यानंतर मोरिता-सान, म्हणजे आपल्या भाषेत मोरिताबाई, आल्या. वय पन्नासच्या आसपास, अंगाने किरकोळ, करड्या रंगाचा स्वेटर. किमोनोचं कापड रंगवणाऱ्या एका जुन्या पेढीत त्या हिशेब लिहायच्या. किमोनो नेसणारी माणसं कमी झाली, पेढी बंद पडली. क्योतोतल्याच फुशिमीला भाड्याच्या छोट्या घरात म्हाताऱ्या आईबरोबर राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. इंग्रजी शाळेपुरतं. मी मुलाखतीत विचारलं, “हे काम फार कंटाळवाणं आहे, जमेल?” त्या म्हणाल्या, “आकडे असतील तर जमेल.” दुसऱ्या दिवशी त्या स्वतःचा सोरोबान घेऊन आल्या. सोरोबान म्हणजे मण्यांची पाटी. कॉम्प्युटरने केलेली बेरीज त्या मण्यांवर तपासून बघायच्या. मी म्हटलं, “अहो, कॉम्प्युटर चुकत नाही.” तर म्हणाल्या, “हो, पण मी चुकते ना.”

अशी नऊ वर्षं त्या माझ्याकडे होत्या. नऊ वर्षांत तीन की आठ या प्रश्नावर आमचं एकदाच भांडण झालं, आणि त्यांचा तीन बरोबर निघाला.

एके दिवशी दुपारी चहाच्या वेळेला त्या एक कागद घेऊन आल्या. त्यांनी अंदाज आणि प्रत्यक्ष जमा यांतला फरक काढून वर्षावर्षाने पेन्सिलीने बाण केले होते. जमा अंदाजापेक्षा जास्त आली तर बाण वर, कमी आली तर खाली. दुष्काळाची वर्षं सोडली तर पानभर बाण वर.

“सेन्सेई,” (इथे शिक्षकांना अशीच हाक मारतात) त्या हळू आवाजात म्हणाल्या, “हा माणूस नेहमी एकाच बाजूला चुकतो. चुकणारं माणूस दोन्हीकडे चुकतं. आमच्या पेढीत मालक असं करायचे, बोनसच्या आधी. यंदा धंदा मंदा आहे म्हणायचे.”

 हे अर्थशास्त्रात कुणी म्हटलं नव्हतं असं नाही. त्या काळातल्या आपल्याकडच्या शहाण्या माणसांनी ते कौन्सिलात उभं राहून सांगितलं होतंच. पण माझ्यासमोर ते वर्षवार, खात्यावार, कुणाचं नाव न घेता कागदावर आलं होतं, आणि आणणाऱ्या बाईला ती राजवट कुठल्या साली गेली हेही धड ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही त्या अधिकाऱ्याला ‘शिन्चो-सान’ म्हणू लागलो. मराठीत सांगायचं तर सावधराव. अधिकारी बदलत, सावधराव तोच. “आज सावधरावांनी स्टॅम्पमध्ये किती दडवलं?” असं मी सकाळी सायकल लावता लावता विचारायची आणि मोरिता-सान तोंडावर हात धरून हसायच्या.

फायलींत मधूनच मराठी अर्ज सापडत. एका तालुक्याच्या गावाने दवाखाना मागितला होता. लोकांनी जागा देऊ केली होती, दगड देऊ केले होते. वैद्य-डॉक्टर कुणी नाही, बाळंतपणात बायका जातात, असं लिहिलं होतं. उत्तर एका ओळीचं: यंदा निधी नाही. मी तो अर्ज मोरिता-सानना जपानीत सांगितला. त्यांनी लगेच ते वर्ष काढून बघितलं. बाण वर होता. “मग पुढे दिला का दवाखाना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “फायल इथेच संपते.” 

त्या बाणांवरून माझा लेख झाला, लेखावरून पुस्तक झालं, पुस्तकावरून मी प्राध्यापक झाले. मोरिता-सानचं नाव मी तळटीपेत घातलं. ‘आकडे भरण्याच्या कामी साहाय्य.’ मला तेव्हा ते पुरेसं वाटलं. पुस्तक त्यांच्या हातात दिलं तर त्यांनी ती तळटीप शोधून काढली, दोन्ही हातांनी पुस्तक धरून वाकल्या आणि म्हणाल्या, “आईला दाखवते.”

आता मूळ गोष्टीकडे येते. इतका वेळ टाळत होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

इथे विद्यापीठात मोरिता-सानसारखी माणसं वर्षाच्या करारावर असतात. एप्रिल ते मार्च. दर वर्षी करार नवा करायचा. सलग ठरावीक वर्षं भरली की त्या माणसाला कायमची नोकरी मागायचा हक्क येतो. म्हणून बरीचशी ऑफिसं काय करतात, तर ती वर्षं भरायच्या आतच करार थांबवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हे दुष्टपणाचं वाटतं, आतल्याला ते कॅलेंडरसारखं वाटतं. मोरिता-सानचा आणखी एक करार झाला असता की त्या कायम झाल्या असत्या.

आमच्या ऑफिसचे प्रमुख ओकादा-सान हे मितभाषी गृहस्थ होते. पावती चिकटवलेला कागद वाकडा असेल तर परत पाठवणारे. पण मोरिता-सानबद्दल त्यांना आदर होता. त्यांच्या पावत्या कधी वाकड्या नसायच्या. शरद ऋतूत त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, “सेन्सेई, मोरिता-सानचा करार वाढवता येईल. एकच अट आहे. पुढची तीन वर्षं त्यांचा पगार तुमच्या प्रोजेक्टला झेपेल, असं तुमच्या अंदाजपत्रकात दिसायला हवं. डिसेंबरात यादी बंद होते.”

मी मोरिता-सानना सांगितलं. त्यांनी काम थांबवलं, खुर्ची माझ्याकडे वळवली. “कायम झाले तर फुशिमीचं घर ठेवता येईल,” त्या म्हणाल्या. “आईला घर बदलायला लागणार नाही. ती त्या गल्लीत साठ वर्षं आहे.” एरवी स्वतःबद्दल अवाक्षर न बोलणारी बाई, एका दमात एवढं बोलली. मी म्हटलं, “काळजी करू नका. मी बघते.”

आणि मी अंदाजपत्रक मांडायला बसले.

माझ्या जमेच्या दोन बाजू होत्या. एक मोठी सरकारी ग्रँट, तिचा अर्ज गेला होता, निकाल यायचा होता. दुसरी एका फाउंडेशनची मदत. तिच्या समितीवरचे एक वयस्कर प्राध्यापक मला लायब्ररीच्या जिन्यात भेटले होते आणि म्हणाले होते, “सावंत-सेन्सेई, वसंतात तुम्ही फार कामात असाल, नाही का?” इथे एवढं पुरतं. पैसे मिळाल्यातच जमा होते. पण जिन्यातलं बोलणं म्हणजे पत्र नव्हे. फाउंडेशनच्या पुढे मी शून्य लिहिलं. सरकारी ग्रँट अर्धी धरली.

कारणं होती की! प्रोजेक्टची प्रमुख झाल्यावर पहिल्याच वर्षी मी न आलेल्या ग्रँटवर भरवसा ठेवून पाहुणे बोलावले होते. तूट आली. ऑफिसात जाऊन मान खाली घालून उभी राहिले. कुणी एक शब्द रागाने बोललं नाही, पण पुढची दोन वर्षं माझा प्रत्येक कागद परत येत होता. परदेशी बाई, त्यातून प्रमुख, त्यातून आवाज मोठा. सेमिनारच्या मागच्या बाकांवर कोण काय म्हणत असेल हे मला न ऐकता ऐकू यायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते.

हस्तलिखित आकडे मी मोरिता-सानना दिले आणि म्हटलं, “एवढं टाइप करून ऑफिसात द्याल?” दिले त्यांनी.

चार दिवसांनी ओकादा-सान स्वतः माझ्या खोलीत आले. हे असाधारण होतं, ते सहसा कागद शिपायाकडून पाठवत. त्यांनी माझा फॉर्म टेबलावर ठेवला, दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवला. “सेन्सेई, जमेची बाजू एकदा परत बघता का?” मी विचारलं, “काही चुकलंय?” “नाही, नाही. चूक काहीच नाही.” त्यांनी खिडकीकडे पाहिलं. “घाई नाही. शुक्रवारपर्यंत.” आणि गेले.

आता तुम्हाला सांगते, इथे असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ काय. एखाद्या गावंढळालाही कळावं की हा माणूस म्हणतोय, बाई, आकडा वाढवा, म्हणजे मला सही करता येईल. ऑफिसचा प्रमुख यापेक्षा उघड बोलू शकत नाही. आणि मी काय केलं? मला वाटलं यांना माझी अर्धी ग्रँटसुद्धा जास्त वाटतेय. परदेशी बाई पुन्हा हवेत किल्ले बांधतेय. मला राग आला. म्हटलं थांबा, दाखवते. अर्धी होती ती मी एक तृतीयांश केली. शुक्रवारी फॉर्म परत गेला. तोही मोरिता-साननीच टाइप केला.

ओकादा-साननी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, “सेन्सेईंचा हा आकडा नक्की?” मी ताठ मानेने म्हटलं, “नक्की.” त्यांनी शिक्का मारला.

डिसेंबरात यादी बंद झाली. मोरिता-सानचं नाव त्यात नव्हतं. ऑफिसचं पत्र मीच त्यांना दिलं. पत्र त्यांनी उभ्याने वाचलं, घडी घातली, पाकिटात परत ठेवलं. मी काहीतरी बडबडत होते, ग्रँटचं काही सांगता येत नाही, नियमच असे आहेत, मी पुन्हा बोलून बघते. त्यांनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाल्या, “अकराव्या खंडातली जकात राहिली आहे. मार्चपर्यंत संपवून जाते.”

मार्चच्या सुरुवातीला एकाच आठवड्यात दोन पत्रं आली. सरकारी ग्रँट पूर्ण मंजूर. फाउंडेशनचीही मदत मंजूर. शिवाय चालू वर्षाचे पैसे मी इतके हात राखून खर्च केले होते की तेही उरले. मी पत्रं घेऊन जवळजवळ धावतच ऑफिसात गेले. म्हटलं, “ओकादा-सान, पैसे आले! आता मोरिता-सानना ठेवून घ्या.”

त्यांनी पत्रं वाचली. अभिनंदन केलं. मग म्हणाले, “यादी डिसेंबरात बंद झाली, सेन्सेई. ती जागा परत केली आपण.”

“पण पैसे आहेत ना!”

“पैसे आहेत,” ते म्हणाले. “पण डिसेंबरात नव्हते. तुमचाच आकडा होता.”

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. जाताना म्हणाले, “चालू वर्षाची शिल्लक मात्र महिनाअखेर संपवायला हवी. उरलेले पैसे परत पाठवणं बरं दिसत नाही.”

मार्च एंड आपल्याकडेही असतो, तुम्हाला सांगायला नको. आम्ही लोखंडी शेल्फं घेतली. टोनरचे खोके घेतले. आणखी एक स्कॅनर घेतला, पहिला चांगला चालत असताना. सहा खुर्च्या घेतल्या, बसायला माणसं चार. आणि हे सगळं कुणी केलं? मोरिता-साननी. शेवटच्या तीन आठवड्यांत सकाळी त्या जकात भरायच्या आणि दुपारी ऑर्डरचे कागद. सामान आलं की खोके मोजून सही करायच्या. एका दुपारी मी खोलीत आले तर त्या नव्या खुर्च्यांचं प्लॅस्टिक काढून, नियमाप्रमाणे पुठ्ठा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं बांधत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मदतीला खाली बसले. म्हटलं, “माफ करा.” त्या म्हणाल्या, “सेन्सेई, सुतळी जरा धरता?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. साऱ्या जगाला मी सावधरावाची खोड समजावून सांगत होते, परिषदांतून टाळ्या घेत होते. स्वतः मांडलेला एकच कागद, आणि त्यात दवाखाना नाकारून मोकळी झाले.

शेवटच्या दिवशी जकात संपली. मोरिता-साननी टेबल पुसलं, सोरोबान पिशवीत घातला, सगळ्यांना एकेक बिस्किटाचा पुडा दिला आणि बरोबर साडेपाचला गेल्या. त्या वर्षी ऑफिसच्या अहवालात आमच्या प्रोजेक्टचं कौतुक झालं. आर्थिक शिस्त उत्तम, असा शेरा होता.

पुढे नववर्षाची कार्डं येत राहिली. पहिल्या कार्डावर पत्ता दूर उत्तरेकडच्या सेंदाईचा होता. फुशिमीचं भाडं झेपेना, म्हणून त्या आईला घेऊन भावाच्या गावी गेल्या होत्या. साठीला आलेल्या बाईला नवीन नोकरी म्हणजे काय मिळणार? एका सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत जेवणाचे डबे भरायचं काम होतं. मी प्रत्येक कार्डाला उत्तर लिहिलं. प्रत्येक उत्तरात हवापाणी, तब्येत, एवढंच लिहिलं.

रिटायर व्हायच्या वर्षी सेंदाईच्या विद्यापीठाने मला व्याख्यानाला बोलावलं. विषय माझा नेहमीचाच: जमा कमी धरण्याचं राजकारण. मी मोरिता-सानना कळवलं. त्या स्टेशनाजवळच्या एका चहाच्या दुकानात भेटल्या, दुपारी, कामाच्या दोन पाळ्यांच्या मध्ये. केस पांढरे झाले होते. हातांना डब्यांच्या वाफेने आणि साबणाने भेगा पडल्या होत्या. माझ्यासाठी त्यांनी हिरव्या सोयाबीनच्या पुरणाची मोची, म्हणजे तांदळाच्या पिठाची मऊ मिठाई, मागवून ठेवली होती, म्हणाल्या, “इथली खासियत. तुम्हाला गोड आवडतं.”

मी आईची चौकशी केली. आई आदल्या थंडीत गेल्या होत्या. “शेवटची दोन वर्षं रोज विचारायची, घरी कधी जायचं,” मोरिता-सान म्हणाल्या. “पिशवी भरून दाराशी बसायची. मी म्हणायची, उद्या. मग ती पिशवी रिकामी करायची. सकाळी परत भरायची.” हे सांगताना त्या मोचीचे बारीक तुकडे करत होत्या, खात नव्हत्या.

माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, “मोरिता-सान, हे माझ्यामुळे झालं. मी तो आकडा नीट लिहिला असता तर तुम्ही आज क्योतोत असता. तुमची आई तिच्या घरात गेली असती.”

त्या म्हणाल्या, “फॉर्म मीच टाइप केला होता ना. दोन्ही वेळा.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हाला तर दिसलं असणार!”

“दिसलं,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षं तेच बघत होते. पण माझ्याच पगाराचा आकडा, सेन्सेई. तो वाढवा असं मी कशी म्हणणार?” आणि मग, “मला वाटलं, तुमच्या लक्षात येईल. ओकादा-सान कागद परत घेऊन आले तेव्हा मी रात्री आईला सांगितलंसुद्धा, सेन्सेई आता दुरुस्त करतील.”

मला रडू आलं. दुकानात माणसं होती, तरी आलं. त्यांनी नॅपकिन पुढे केला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्याबद्दल एक प्रश्न सरळ विचारला.

“तेव्हा तुम्हाला खरंच वाटत होतं का, की पैसे येणार नाहीत?”

मी म्हटलं, “हो. खरंच वाटत होतं.”

त्यांनी खांदे सैल सोडले. “मग ठीक आहे,” म्हणाल्या. “अंदाज चुकतो माणसाचा. त्याला काय करणार.” मोचीचा एक तुकडा तोंडात घातला. मग घड्याळ बघून उठल्या, त्यांची दुसरी पाळी सुरू होत होती. मी पाकीट काढेपर्यंत चहाचे पैसे देऊन आल्या.

त्यांना मी खोटं सांगितलं. जिन्यात प्राध्यापक बोलले तेव्हाच पैसे येणार हे मला कळलं होतं. ओकादा-साननी फॉर्म माझ्याकडे सरकवला तेव्हा ते काय म्हणतायत हेही कळलं होतं. मघाशी मी तुम्हाला लिहिलं की मला उलट वाटलं, राग आला, तेही खोटं. इतकी वर्षं या देशात काढून तेवढं कळणार नाही, एवढी मी खुळी नाही. पैसे आले नसते तर मला पुन्हा एकदा ऑफिसात मान खाली घालायला लागली असती. आले तर फक्त मोरिता-सान जाणार होत्या. मी दोन्ही बाजू मांडून बघितल्या आणि स्वतःची धरली.

हे मी मराठीत लिहिलं आहे. जपानीत लिहिलं असतं तर त्यांनी वाचलं असतं.